नवा पीसी, जुनं सीएनसी मशीन: जोडायचं कसं?

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नियमित सपोर्ट संपला. नवा पीसी आता विंडोज 11 घेऊनच येतो. सातपूर-अंबडमधल्या एखाद्या लहान वर्कशॉपची पंचाईत इथेच होते. सीएनसी मशीन ठणठणीत, पण त्याला प्रोग्राम पाठवणारं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या काळातलं. त्यापायी लाखोंचं मशीन बदलायचं?

आधी व्हर्च्युअल मशीन करून पाहा. म्हणजे नव्या पीसीच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा पीसी. व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळतं. त्यात एक्सपी टाका (लायसन्स हवंच) आणि सिरियल पोर्ट त्या आतल्या एक्सपीकडे सोपवा. नव्या पीसीला हा पोर्ट बहुधा नसतो, त्यामुळे यूएसबी-टू-सिरियल केबल घ्यावी लागते. ती स्वस्तातली घेऊ नका. निम्मी डोकेदुखी तिथूनच येते.

मशीन मदरबोर्डवरच्या जुन्या कार्डाने चालत असेल, तर मात्र हा उपाय जवळपास बाद. तिथे जुना पीसीच जपायचा आणि त्याच्या हार्ड डिस्कची कॉपी आजच काढून ठेवायची.

एक्सपीला 8 एप्रिल 2014पासून सपोर्ट नाही, म्हणून त्याचं इंटरनेट बंदच ठेवा. आणि जॉब लावण्याआधी मशीनमध्ये गेलेला प्रोग्राम परत मागवून मूळ फाईलशी ताडून बघा. एखादा आकडा गळाला, तर टूल थेट जॉबवर आपटू शकतं.