चित्रात कोण, आणि मत कुणाचं?

चित्र पुरं करायचं, भिंतीवर लावायचं, नारळ फोडायचा आणि मग ‘कसं वाटलं?’ म्हणून विचारायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या वेळी ‘छान’ याखेरीज कुणी काही बोलत नाही आणि बोललं तरी उपयोग नसतो. मत विचारायचं तर चित्र कच्चं असताना विचारावं, आणि ज्यांचं ते चित्र आहे त्यांना सगळ्यांत आधी विचारावं. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यावरून मी गेले काही महिने भांडते आहे.

मी पेठ तालुक्यात काम करते. पाण्याच्या प्रश्नावर एक मोठं चित्र टॅबवर काढते आहे. त्याचा फ्लेक्स करून तो पेठच्या बाजारात आणि पाड्यांवरच्या ग्रामसभांत लावायचा आहे. आमच्याकडे पाऊस धो धो कोसळतो, उतारावरून नद्यांना मिळतो आणि दमणगंगेतून गुजरातकडे निघून जातो. उन्हाळ्यात मात्र बाया विहिरीच्या तळाशी वाटीवाटीनं पाणी गोळा करतात. २०२५च्या एप्रिलमध्ये आमच्याच तालुक्यातल्या बोरीची बारी इथल्या बाया विहिरीत उतरून पाणी भरतानाची दृश्यं देशभर दाखवली गेली. मैत्रिणींनो, ती तुम्हीही पाहिली असतील.

ती दृश्यं कुठून घेतली होती, आठवून पाहा. वरून, काठावर उभं राहून. खाली गोल काळोख आणि त्यात रंगीत लुगड्यांचे ठिपके. माझ्या पहिल्या आराखड्यातही विहीर वरूनच दिसत होती. नाशिकच्या जाणकारांना ती फार आवडली. गोलामुळे नजर मध्यभागी खेचली जाते, असं ते म्हणाले. एकानं सुचवलं की हंडा घेतलेली एकच बाई काढ आणि तिचीच नक्कल सात वेळा ठेव, म्हणजे लय येईल. पैसे देणाऱ्या संस्थेतल्या साहेबांना चित्र ‘जरा वारली पद्धतीचं’ हवं होतं, आणि एका बाईच्या चेहऱ्यावर हसू हवं होतं, ‘सकारात्मक संदेश’ म्हणून!

तोच आराखडा मी पाड्यावर नेला. टॅब हातोहात फिरला. एक आजी म्हणाल्या, हे वरून बघणाऱ्याचं चित्र आहे, उतरणारीचं नाही. खाली उभं राहिलं की वर भाकरीएवढं आभाळ दिसतं आणि दोर डोक्यावर लोंबतो, ते काढ. दुसरीनं विचारलं, ही एकच बाई सात वेळा का? आमच्यात एक पोटुशी असते, एकीच्या कडेवर पोर असतं, एक म्हातारी निम्म्या वाटेवर टेकते. सगळ्या सारख्या चालतात का? तिसरीला डोक्यावरची चुंबळ दिसत नव्हती. चुंबळीशिवाय भरलेला हंडा कोण उचलतं, ते मला दाखव, म्हणाली. आणि फाटकी लुगडी नकोत, हे सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं. दारिद्र्य दाखवायचं तर विहीर दाखव, आमचं अंग नको.

मांडणीवरचं याहून नेमकं मत मला कुठल्या कलाशिक्षकाकडून मिळालं असतं?

संस्थेत मात्र यावर नाकं मुरडली गेली. खालून दाखवलं तर चेहरे दिसणार नाहीत, भावना पोचणार नाही, असं सांगण्यात आलं. आणि आपल्याच एका कार्यकर्तीनं विचारलं, ‘अशी सगळ्यांची मतं घेत बसलीस तर चित्राची खिचडी होणार नाही का? कलावंताला स्वातंत्र्य नको का?’ प्रश्न रास्त आहे. शेवटची रेघ मीच ओढणार, ती जबाबदारी मी कुणावर ढकलत नाही. पण साहेबांनी हसू मागितलं तेव्हा कलावंताचं स्वातंत्र्य कुणालाच आठवलं नाही. आजींनी आभाळ मागितलं तेव्हाच ते कसं धोक्यात येतं?

वारलीचं म्हणाल, तर तिथेही हेच झालेलं आहे. लग्नातला चौक सवाशिणी लिहीत, धवलेरी गाणी म्हणत, पालघट देवी त्या चौकात बसे. चित्र होत असतानाच घरातल्या, शेजारच्या बाया भोवती असत. त्यावर कुणाची सही नसे. १९७०नंतर हे चित्र भिंतीवरून कागदावर आणि बाजारात आलं आणि नावं झाली ती बहुतेक पुरुषांची. जिव्या सोमा मशे यांचं काम मोठं आहे, २०११ साली त्यांना मिळालेली पद्मश्री योग्यच होती, त्याबद्दल वाद नाही. पण तांदळाच्या पिठात बोटं बुडवणाऱ्या त्या सवाशिणी कुठे गेल्या, हे विचारायला नको? आणि आता आम्ही ‘जरा वारली पद्धतीचं’ म्हणजे काय मागतो? त्रिकोणांची नक्षी हवी, भोवतीच्या बाया नकोत.

पाहणाऱ्याच्या सोयीनं मांडलेल्या चित्रातून उपायही तसाच निघतो. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेंद्रीपाड्याच्या बाया लाकडी ओंडक्यावरून तास नदी ओलांडतात, तो फोटो गाजला. मध्यभागी ओंडका होता, म्हणून २०२२च्या जानेवारीत लोखंडी पूल आला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला. नदी पावसाळ्यात कशी चढते हे तिथल्या बायांना ठाऊक असतं, पण फोटोत ते कुठून येणार?

विचारलं की काय घडतं, त्याचंही उदाहरण आहे. राजस्थानातल्या गावच्या बायांनी ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक घडवलं. आराखड्यातली उघडी शरीरं पाहून गावातल्या बाया म्हणाल्या, आमच्याकडे बाई अशी कधी दिसत नाही. तेव्हा चित्रात कपडे आले आणि कागदाची झडप उचलली की आतलं शरीर दिसू लागलं. माहिती तसूभर कमी झाली नाही, पुस्तक मात्र गावाचं झालं. १९८९ साली ते ‘काली फॉर विमेन’नं छापलं, पंच्याहत्तर बायांच्या नावानं.

त्या काळी चित्र बदलायचं तर कष्ट आणि खर्च होता. पोस्टरचा स्क्रीन एकदा तयार झाला की झाला. आज टॅबवर चित्राचे थर वेगळे असतात. विहीर हलवायची, बाई मागे न्यायची, सगळं बोटाच्या टोकावर होतं. न विचारायला सबब उरलेली नाही. तरी आपण विचारत नाही. उलट आता यंत्राला एक वाक्य सांगितलं की तेच चित्र काढून देतं. मी करून पाहिलं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, मागे मावळता सूर्य आणि बाई हसते आहे!

तर आता आराखडा असा आहे. विहीर खालून दिसते, वर आभाळाचा तुकडा, सात वेगवेगळ्या बाया, त्यांतल्या दोघींचीच तोंडं दिसतात. एका गोष्टीवर पाड्यावरही एकमत नाही. मोटरसायकलला कॅन बांधून पाणी आणणारा गडी चित्रात हवा का? काहीजणी म्हणतात, हवाच. चाकं आली की पाणी पुरुषाचं काम होतं, डोक्यावर असेपर्यंत आमचं, हे दिसू दे. बाकीच्या म्हणतात, नको, तो आला की लोक त्याचीच वाहवा करतील. मला तो कोपऱ्यात, पाठमोरा हवासा वाटतो. तुम्हाला काय वाटतं? तुमच्याकडच्या पाणी भरणाऱ्या बायांना विचारून लिहा, आणि शिमग्याच्या आत लिहा. त्यानंतर आमच्याकडच्या विहिरी तळाला जातात, तोवर फ्लेक्स लागलेला हवा.