नवा लॅपटॉप घेण्याआधी वायफाय मोजा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मदत थांबवली आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही. म्हणून अनेक घरांत मामू किंवा शेजारचा इंजिनीअर मुलगा त्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून देतो. ही प्रणाली मोफत आहे, तिचा कोड सर्वांना खुला आहे आणि आठ-दहा वर्षांचा लॅपटॉपही तिच्यावर बरा चालतो.

पण चार दिवसांत तक्रार सुरू होते. वायफायची एकच कांडी दिसते, नेट मध्येच तुटते. शिष्यवृत्तीचा फॉर्म अर्धा भरला की पान अडकते. दुकानात नेले तर उत्तर ठरलेले असते: “लिनक्स काढा”, नाहीतर “नवा घ्या”. तीन मुलांत एकच लॅपटॉप असलेल्या घराला नवा कसा परवडणार? मग लॅपटॉप कपाटावर जातो आणि मुलीचा अभ्यास मोबाइलच्या छोट्या पडद्यावर येतो.

वायफाय कमजोर होण्याची कारणे मोजकी आहेत आणि ती क्रमाने तपासता येतात. मुलांना एक वही घ्यायला सांगा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आकडा लिहायचा, मग पुढची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला तेच कळत नाही.

दोष कोणाचा?

लॅपटॉपशेजारी मोबाइल ठेवा आणि दोन्हींवर तेच वायफाय लावा. दोन्हींवर रेंज कमी असेल तर दोष राउटरच्या जागेचा आहे. लोखंडी कपाट, फ्रिज, जाड भिंत यांच्यामागे ठेवलेला राउटर उंच आणि मोकळ्या जागी आणा. मोबाइलवर रेंज भरपूर आणि लॅपटॉपवर एक कांडी असेल तर दोष लॅपटॉपचा.

आकडा पाहण्यासाठी टर्मिनल उघडा आणि इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहा: एन-एम-सी-एल-आय, मग एक जागा सोडून डी-ई-व्ही, पुन्हा जागा सोडून डब्ल्यू-आय-एफ-आय. एंटर दाबल्यावर आसपासच्या सर्व वायफायची यादी येते. सिग्नलच्या रकान्यात १०० पैकी गुण असतात. लॅपटॉप राउटरपासून तीन-चार फुटांवर नेऊन तोच आकडा पुन्हा पाहा.

- जवळ नेऊनही आकडा कमीच: अँटेना किंवा ड्रायव्हर.
- आकडा चांगला, पण नेट तुटते: वीजबचत किंवा ड्रायव्हर.
- जवळ चांगला, दुसऱ्या खोलीत वाईट: भिंती आणि पट्टा.

पट्टा

त्याच यादीत चॅनेलचा क्रमांक असतो. १ ते १३ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ, ३६ आणि पुढे म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग जास्त, पण भिंत ओलांडताना तो लवकर दमतो. राउटर वेगळ्या खोलीत असेल तर २.४ लावून पाहा. इमारतीत दाटी असेल तर २.४ वर सगळ्यांची गर्दी होते. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडा. हे तीन चॅनेल एकमेकांत घुसत नाहीत.

वीजबचत

लिनक्स बॅटरी वाचवण्यासाठी वायफाय कार्डाला अधूनमधून झोपवते. काही कार्डे त्या झोपेतून नीट उठत नाहीत. मिंटमध्ये फाइल मॅनेजरमधून ईटीसी हे फोल्डर उघडा, त्यात नेटवर्कमॅनेजर आणि त्यात कॉन्फ-डी. मोकळ्या जागी उजवी कळ दाबून ‘ओपन अ‍ॅज रूट’ निवडा आणि पासवर्ड द्या. तिथल्या फाइलच्या नावात ‘वायफाय पॉवरसेव्ह’ असे शब्द असतात. फाइलमध्ये पॉवरसेव्हसमोर ३ असेल तर २ करा, जतन करा आणि लॅपटॉप बंद करून सुरू करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. दुसरे काही बदलू नका.

ड्रायव्हर

मिंटच्या मेनूत ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आहे. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना लागणारा ड्रायव्हर तिथे एका क्लिकवर मिळतो. त्यासाठी नेट हवे आणि नेटच तर चालत नाही! अशा वेळी मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. लिनक्सला बहुतेक मोबाइल लगेच ओळखता येतात. फॉर्मची शेवटची तारीख आजच असेल तर आधी असाच फॉर्म भरा, दुरुस्ती नंतर.

कार्ड कोणते आहे ते टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय लिहून कळते. बाहेरून लावलेल्या अ‍ॅडॉप्टरसाठी एल-एस-यू-एस-बी लिहा. यादीत रिअलटेक आरटीएल ८७२३ बीई दिसले तर खूण पटली म्हणा. काही लॅपटॉपमध्ये या कार्डाला एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर नेमकी रिकामी बाजू धरतो. मग राउटरजवळ बसूनही रेंज येत नाही. या ड्रायव्हरला ‘अँट-सेल’ नावाचा पर्याय आहे. जाणकाराकडून तो १ आणि मग २ करून पाहावा. यात पैशाचाही खर्च नाही.

अँटेनाची तार

लिनक्स टाकताना एसएसडी किंवा रॅम बदलली का, किंवा आधी कधी बिजागरी दुरुस्त केली का, हे आठवा. वायफाय कार्डाला बहुधा काळी आणि पांढरी अशा दोन बारीक तारा येतात आणि त्या बिजागरीतून पडद्याच्या कडेला जातात. लॅपटॉप उघडला की या तारा निसटू किंवा तुटू शकतात. लॅपटॉपवर विंडोजही ठेवले असेल तर त्यात रेंज पाहा. तिथेही कमी असेल तर दोष लिनक्सचा नाही. दुकानदाराला स्पष्ट सांगा: “वायफायच्या दोन्ही तारा नीट बसल्यात का ते बघा.” नेमका प्रश्न विचारणाऱ्याला नेमके उत्तर मिळते.

बाहेरचा अ‍ॅडॉप्टर

एवढे करून जमले नाही तर यूएसबी अ‍ॅडॉप्टर घ्यावा, पण डब्यावरचे नाव पाहून नव्हे, आतली चिप विचारून. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन या एकाच नावाच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, पुढच्या आवृत्त्यांत रिअलटेकची. मीडियाटेकच्या एमटी ७६१२ यू या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो, वेगळा शोधावा लागत नाही. नखाएवढ्या अ‍ॅडॉप्टरची अँटेनाही तेवढीच असते, त्यामुळे त्याच्याकडून मोठी अपेक्षा नको.

आणखी एक गोष्ट. यूएसबी ३ चे पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अडथळा आणतात. अ‍ॅडॉप्टर त्यांच्या शेजारी खोचू नका. एक हात लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून तो बाजूला ठेवा. एवढ्यानेही आकडा वाढतो का, ते वहीत लिहा.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत. आठवी-नववीच्या मुला-मुलींना ते सहज समजतात. मुलींच्या हातात टर्मिनल द्यायला अम्मी-अब्बूंनी कचरू नये. दोष शोधण्याची ही पद्धत, म्हणजे एक गोष्ट बदला, मोजा, लिहा, ती शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगात वापरतात तीच आहे. घरात ती एका मुलीला आली की पुढच्या वेळी दुकानात जाण्याआधी वही उघडली जाईल.

पुढील महिन्यात: एकाच लॅपटॉपवर तीन मुलांची वेगवेगळी खाती कशी करावीत.