कोनशिला आणि शेतचारी

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की प्रत्येक विभागाचे लोकप्रतिनिधी आपापल्या मागण्यांची यादी घेऊन उभे राहतात. कुणाला धरण हवे असते, कुणाला औद्योगिक वसाहत, कुणाला लोहमार्ग. यांपैकी सार्वजनिक पैशाला पात्र योजना कोणती, हा प्रश्न मात्र तत्त्वाच्या पातळीवर क्वचितच विचारला जातो.

लाभ-व्ययाचे गणित मांडून निर्णय घ्यावा, असे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. ते गणित आवश्यक आहे, पुरेसे नाही. जेथे रस्ते, वीज, बाजारपेठ आधीच आहेत तेथे नवा रुपया लवकर फळतो. या एकाच कसोटीने मुंबई-पुण्याच्या पट्ट्यालाच पुन्हापुन्हा कौल मिळेल. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली वेगळी वाट दाखविली. सिंचन, रस्ते आदी क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीमागे किती आहे हे मोजून तिने ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष निश्चित केला. मागासलेपणाच्या गाऱ्हाण्याला आकड्याचे बळ मिळाले.

परंतु अनुशेषाच्या नावाने दिलेला पैसा शेतापर्यंत पोहोचतोच असे नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी होता. १९८८ साली कोनशिला बसली. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. पुढे अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. धरणात पाणी अडले, गावे उठली. पण अडीच लाख हेक्टरांचे स्वप्न दाखविलेल्या कालव्यांची आणि वितरिकांची कामे तीन दशकांनंतरही अपुरीच होती. ज्यांनी जमीन दिली त्यांची हानी तत्काळ झाली. ज्यांना पाणी मिळावयाचे ते वाट पाहत राहिले.

तेव्हा कसोट्या दोन हव्यात. प्रदेश निवडताना अनुशेष पाहावा. योजना निवडताना ती पुरी होण्याची शाश्वती पाहावी. हाती असलेली कामे अर्धवट ठेवून नवी सुरू करणे म्हणजे थोडा थोडा पैसा सर्वत्र गोठविणे होय. खर्चाचा अंदाज वाढला की लाभाची फेरतपासणी व्हावी, आणि तिचा निष्कर्ष विधिमंडळापुढे यावा. पुनर्वसनाचा खर्च प्रथम, कोनशिलेचा समारंभ नंतर.

मागास भागाला अधिक पैसा मिळालाच पाहिजे. मात्र त्याचा हिशेब मंजूर झालेल्या रकमेवरून नव्हे, शेवटच्या शेतचारीत आलेल्या पाण्यावरून व्हावा.