प्रदर्शन कापडाचे, देखरेख कुणाची?



दिल्लीत कापडाची मोठी जत्रा भरू लागली आहे. २०२४ साली २६ ते २९ फेब्रुवारी असे चार दिवस भारत मंडपममध्ये ‘भारत टेक्स’ हे राष्ट्रीय प्रदर्शन भरले. खुद्द पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. पुढल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, ते पुन्हा भरले. देशोदेशीचे गिऱ्हाईक आले, दिव्यांची रोषणाई झाली, भाषणे झाली. आमच्या पोटात त्याने दुखत नाही. माल खपला तर साचा चालतो, साचा चालला तर चूल पेटते, हे गिरणगावातलं शेंबडं पोरही जाणतं.

आमचा सवाल निराळा आहे. या प्रदर्शनाची आखणी करायला कोण बसले, आणि त्यांच्यावर देखरेख कुणी ठेवली?

२०२४ चे प्रदर्शन ११ निर्यात मंडळांनी मिळून भरवले. पाठीशी केंद्राचे वस्त्रोद्योग मंत्रालय. निर्यात मंडळे ही माल परदेशी धाडणाऱ्यांची. त्यांनी आपले हित पाहावे, त्यात नवल नाही. पण सरकार कुणाचे? ते जनतेचे असेल, तर सूत कातणारा, कापड विणणारा, रंगखात्यात हात जाळून घेणारा माणूस त्या आखणीत कुठे आहे? या जत्रेत पाच ‘एफ’चा मंत्र सांगितला गेला: फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन आणि फॉरेन. शेतापासून परदेशापर्यंत पाच पायऱ्या मोजल्या. फॅक्टरी दिसली, फॅक्टरीतला माणूस दिसला नाही!

आता त्याच मंत्रालयाच्या घरात डोकावू या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ त्याच मंत्रालयाचे. त्याच्या देशभरातल्या २३ चालू गिरण्या २०२० च्या मार्चात टाळेबंदीबरोबर थांबल्या. आपल्या मुंबईतली टाटा मिल, पोदार मिल, इंडिया युनायटेड नंबर पाच. बार्शीची टेक्स्टाईल मिल, अचलपूरची फिनले, या सगळ्या त्यात आल्या. टाळेबंदी उठली, बाजार उघडले, आगगाड्या धावल्या; या गिरण्यांचा भोंगा काही वाजला नाही. दिल्लीत प्रदर्शनाची फीत कापली त्या दिवशीही चात्या गप्पच होत्या. म्हणजे ज्या मंत्रालयाने जगाला कापड दाखवले, त्याच्याच गिरण्यांत कापड निघत नव्हते! आखणीच्या टेबलाशी बार्शीचा एक साचेवाला बसला असता, तर पहिल्याच बैठकीत त्याने विचारले असते, “साहेब, मांडव घालताय ते ठीक, आमचं खातं कधी उघडताय?” म्हणूनच तर त्याला बोलावत नाहीत.

कुणी म्हणेल, व्यापाराच्या मेळ्यात मजुराचे काय काम? हे दुखणे जुने आहे. १८५१ साली लंडनला हाइड पार्कात काचेचा महाल उभारून जगातले पहिले प्रचंड राष्ट्रांचे प्रदर्शन भरले. त्याच्या आखणीसाठी १८५० च्या जानेवारीत राजाज्ञेने आयोग नेमला. अध्यक्ष राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट. मजुरांच्या वतीने एक मध्यवर्ती समिती निघाली. तीत चार्ल्स डिकन्ससारखा लेखक होता, विल्यम लव्हेटसारखा चळवळ्या होता. समितीने मागितले काय? तर आयोगाने आम्हाला मान्यता द्यावी. आयोगाने नकार दिला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये समिती विसर्जित झाली. वरच्या लोकांना धाक होता की मजूर आले तर दंगल होईल. पुढे एक शिलिंगाचे स्वस्त तिकीट निघाले, मजुरांची रीघ लागली, आणि दंगल काही झाली नाही. ६० लाखांवर लोकांनी प्रदर्शन पाहिले. सुमारे १ लाख ८६ हजार पौंड शिल्लक उरली, तिचा हिशेब लागला, आणि त्या पैशातून साउथ केन्सिंग्टनला जागा घेऊन संग्रहालये उभी राहिली. मजुराला टेबलाशी बसू दिले नाही, हा त्या आयोगाचा डाग. पैशाचा हिशेब दिला, हे त्याचे पुण्य. आपल्या कारभाऱ्यांनी डाग तेवढा उचलला तर कसे चालेल?

आणि आखणी परक्याच्या हाती गेली की काय होते, तेही ऐका. लंडनच्या इंडिया ऑफिसातल्या फोर्ब्स वॉटसन याने १८६६ साली हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. अशा २० संचांपैकी १३ विलायतेत ठेवले. तिथल्या गिरणीवाल्यांनी ते बघावे, तसा माल काढावा आणि इथल्या बाजारात विकावा, हा हेतू. विणकराची कला मांडली, विणकराचा घास गेला. दाखवणारा कोण आणि दाखवले जाते ते कुणासाठी, यावरच सगळे ठरते.

म्हणून हा प्रश्न भाषिक राज्याचाही आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गिरण्या सोडून आमची माणसे फ्लोरा फाउंटनवर गेली आणि त्यांनी गोळ्या झेलल्या. शंभरावर हुतात्म्यांच्या रक्तावर १ मे १९६० चे राज्य उभे राहिले. ते नकाशावरच्या रेघेसाठी नव्हते. राज्यकारभार आपल्या भाषेत चालावा, कामगाराला सरकारचा कागद वाचता यावा आणि वाचून जाब विचारता यावा, यासाठी होते. सीमाभागातला मराठी माणूस आजही हेच मागतो. ज्या कारभाराचा हिशेब आपल्याला वाचता येत नाही, तो आपला कसा?

आम्ही हे गोडदेवातून लिहीत आहो. परळ-लालबागच्या चाळी सुटल्या आणि आमच्यातली कैक कुटुंबे भाईंदरपर्यंत फेकली गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांच्यातले म्हातारे आज नातवंडांना साचा म्हणजे काय, धोटा म्हणजे काय, ते हाताने हवेत रेघा मारून दाखवतात. तेच काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रसंग्रहालय उभारायला घेतले. तिथे काय मांडणार? नुसती तेलपाणी केलेली यंत्रे? की पाळी, बदली, खानावळ, संप आणि बंद दरवाजाही?

तेव्हा आमच्या मागण्या अशा:

एक, सरकारी पाठबळाच्या प्रत्येक वस्त्रप्रदर्शनाच्या समितीवर कामगारांनी व हातमाग-यंत्रमाग विणकरांनी निवडलेले प्रतिनिधी घ्या. नेमलेले होयबा नकोत.

दोन, सरकारी तिजोरीतून किती पैसा गेला, कुणाला कसले कंत्राट दिले, याचा हिशेब प्रदर्शन संपताच छापा. महाराष्ट्रात तो मराठीत छापा.

तीन, प्रदर्शनाचा एक दिवस कामगारांच्या कुटुंबांना मोफत ठेवा.

चार, काळाचौकीच्या संग्रहालयात पाट्या मराठीत लावा, आणि कामगारांची कहाणी कामगारांना विचारून लिहा.

पाच, महामंडळाच्या प्रत्येक बंद गिरणीचे आणि तिच्या कामगारांच्या देण्याचे पुढे काय, ते प्रदर्शनाच्या दारावर लिहा.

बंधूंनो, ही भीक नव्हे. कापड आम्ही विणले. त्याची जत्रा भरणार असेल तर आम्ही मांडवाचे खांब धरायला येणार नाही. हिशेबाची वही बघायला येऊ. हे पत्रक वाचून झाले की खिशात ठेवू नका, शेजाऱ्याला द्या.

संयुक्त महाराष्ट्र झिंदाबाद! कामगार एकजुटीचा विजय असो!