साथीचा खर्च आणि हिशेबाचा हक्क



कोविडच्या साथीत मुंबई महानगरपालिकेने ३,५३८.७३ कोटी रुपये खर्च केले, आणि त्या खर्चाची तपासणी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात झाली नाही, ही गोष्ट आपणांपैकी कितीजणांस ठाऊक आहे? परळच्या, लालबागच्या, नायगावच्या चाळींतून ज्यांनी त्या दोन वर्षांत आपली माणसे गमावली, ज्यांची गिरगावातली घरकामे सुटली, ज्यांच्या दादरच्या पाट्या आणि हातगाड्या उठल्या, त्यांनी तरी ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पैसा त्यांच्या नावाने खर्ची पडलेला आहे.

हकीकत अशी. २०२२ साली राज्यातील सरकार बदलले. नव्या सरकारने महानगरपालिकेच्या २८ नोव्हेंबर २०१९ ते २८ फेब्रुवारी २०२२ या काळातील सुमारे १२,०२४ कोटी रुपयांच्या कामांची विशेष तपासणी करण्याची विनंती महालेखापरीक्षकांस केली. महानगरपालिकेने कोविडचा भाग तपासणीस देण्याचे नाकारले. कारण सांगितले ते १८९७ चा साथरोग अधिनियम आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम यांचे. उरलेल्या ८,४८५ कोटींचीच तपासणी झाली, आणि तिचा अहवाल २५ मार्च २०२३ रोजी विधानसभेपुढे आला. त्यात २१४.४८ कोटींची वीस कामे निविदा न मागविताच दिल्याचे आढळले; ४,७५५.९४ कोटींच्या चौसष्ट कामांत कंत्राटदाराशी करारच झाला नसल्याचे आढळले. जो भाग तपासावयास मिळाला त्याची ही अवस्था. जो मिळाला नाही त्याविषयी तर्क करण्याचे आमचे काम नव्हे. तो तपासला जावा एवढेच आमचे मागणे आहे.

नव्या सरकारचा हेतू विरोधकांस कोंडीत पकडण्याचा होता असे म्हणणारे पुष्कळ आहेत. असेलही. परंतु चोराच्या शेजाऱ्याने आरडाओरड केली म्हणून घरातील डबे मोजू नयेत, असे कोणी शहाणा सांगत नाही.

आता हा १८९७ चा कायदा काय आहे ते पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रकट झाला. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली, इतकी लोकांच्या मनात धास्ती बसलेली होती. जानेवारीच्या अखेरीस कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधेयक आले, आणि आठवड्याच्या आत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, त्याचा कायदा झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. साथ रोखण्यासाठी सरकारने वाटेल ते नियम करावेत, खर्च कोणी सोसावा हे सरकारनेच ठरवावे, आणि या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यावर कोणास दावा लावता येऊ नये. लेखापरीक्षण होऊ नये असा एक शब्दही त्यात नाही. त्या काळच्या कौन्सिलात सभासदांस अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. मग हिशेब तपासणीची बंदी घालण्याची गरज तरी कोणास भासावी?

२००५ चा कायदा तर याहून स्पष्ट आहे. त्याच्या ५० व्या कलमाने संकटकाळी निविदेचा नेहमीचा मार्ग सोडून तातडीने खरेदी करण्याची मुभा दिली. ही मुभा योग्यच होती. प्राणवायूवाचून माणूस तडफडत असता निविदेच्या तारखा कोण मोजणार? परंतु त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, अशा खरेदीच्या वापराविषयी अधिकृत अधिकाऱ्याने दिलेला दाखला हिशेबाकरिता वैध प्रमाणक मानला जाईल. म्हणजे निविदा माफ केली, हिशेब नव्हे. ज्या कायद्याने प्रमाणकाची व्यवस्था लावून दिली, तोच कायदा प्रमाणक पाहू न देण्यासाठी पुढे करणे हा कसला न्याय?

परमपूज्य बाबासाहेबांची या प्रश्नावर काय दृष्टी होती, हे आपण विसरता कामा नये. त्यांस आपण घटनाकार म्हणून वंदन करतो. ते सार्वजनिक अर्थशास्त्राचे पंडित होते याचा विसर पडतो. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारी तिजोरीत पैसा कोठून येतो आणि कोणाच्या हुकमाने बाहेर जातो, हाच त्याचा विषय. दादरच्या राजगृहात राहावयास जाईपर्यंत ते परळच्या ज्या बी. आय. टी. चाळीत राहत, ती चाळ बांधणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ साली प्लेगच्याच धास्तीने निघालेला होता. साथीच्या निमित्ताने खर्च झालेल्या पैशाच्या भिंती त्यांनी वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर पाहिल्या.

संविधान सभेत ३० मे १९४९ रोजी महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा चालली असता बाबासाहेबांनी जे मत मांडले, त्याचा आशय असा की, हा बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय. संसदेने मंजूर केलेल्या रकमेपलीकडे वा अन्य कारणाकडे खर्च जाऊ न देणारा तोच एक. आणि त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेच्या कर्तव्याहूनही महत्त्वाचे आहे. अशा अधिकाऱ्यापुढे एका पालिकेने दार लावून घ्यावे, आणि आपणांस त्याचे काहीच वाटू नये?

संसदही त्या वर्षी फारशी जागी नव्हती. २३ मार्च २०२० रोजी लोकसभेने वित्त विधेयक चर्चेवाचून संमत केले. सप्टेंबरातील अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास वगळला. हिवाळी अधिवेशन भरलेच नाही. राज्यात सप्टेंबरचे अधिवेशन दोन दिवसांचे, डिसेंबरचेही दोन दिवसांचे. पंतप्रधानांच्या नावाने मार्च २०२० मध्ये निघालेला ‘पीएम केअर्स’ निधी सरकारी नव्हे असे उच्च न्यायालयास सांगण्यात आले, आणि महालेखापरीक्षकांची नजर तेथेही पोचत नाही. विलायतेत याहून निराळे घडले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने साथ ऐन भरात असता, नोव्हेंबर २०२० मध्येच, संरक्षक पोशाखांच्या खरेदीचा अहवाल काढला. मंत्री-खासदारांच्या शिफारशीने आलेल्या पुरवठादारांसाठी निराळी वाट होती, तीतून सुमारे दहांत एकास कंत्राट मिळाले. सामान्य वाटेने शंभरांत एकासही नाही. साथ चालू असताना तपासणी होऊ शकते, याचा हा पुरावा.

आता मदतीविषयी. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली; त्यात परवानाधारक फेरीवाल्यांस, नोंदणीकृत बांधकाम व घरकामगारांस दीड-दीड हजार रुपये होते. शब्द पाहा: परवानाधारक, नोंदणीकृत. आपल्या किती भगिनींची घरकामगार म्हणून नोंदणी झालेली होती? ज्यांचे नाव वहीत नाही त्यांच्या पदरी काय पडले, हे विचारणारा लोकप्रतिनिधी हवा होता. मजुरांस वाटलेल्या खिचडीचेही प्रकरण तपासयंत्रणांपुढे गेले. पाकिटात तीनशे ग्रॅमऐवजी शंभर-दोनशे ग्रॅमच भरली जात होती, असा आरोप आहे. निकाल न्यायालय देईल. परंतु आरोप खरा ठरल्यास कमी पडलेले ते ग्रॅम कोणाच्या ताटातले होते?

यावर आपल्यातीलच काही वडीलधारी म्हणतात, ‘मिळाले ते काय थोडे? सरकारने दिले, आपण घेतले.’ वाचकहो, हे बोलणे जुन्या वतनाचे आहे. दारोदार भाकरी मागणारा येसकर भाकरीचे वजन विचारीत नसे; विचारण्याची त्यास मुभा नव्हती. ते वतन मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतलीत, ते दैन्य टाकून दिलेत. मग रेशनवरचे धान्य ओंजळीत घेताना ते मनात कशास ठेवता? काड्यापेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर आपण कर भरतो. ते धान्य आपल्याच पैशाचे.

महानगरपालिकेची तर आणखी एक कथा आहे. मार्च २०२० मध्ये स्थायी समितीने आयुक्तांस पूर्वमंजुरीवाचून खर्चाचे अधिकार दिले, ते साथीपुरते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, आणि ती स्थायी समितीच उरली नाही. प्रशासकाने २०२३-२४ चे ५२,६१९ कोटींचे अंदाजपत्रक मांडले आणि त्यासच मंजुरीही दिली. २०२५-२६ चा आकडा ७४,४२७ कोटींवर गेला. ज्या सरकारने कोविडपूर्व आणि कोविडकाळाचा हिशेब मागितला, त्याच्याच राजवटीत हे सर्व नगरसेवकांवाचून चालले. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये.

आता दोनशे सत्तावीस नगरसेवक पुन्हा आले आहेत. लालबाग-परळकरांनी एफ/दक्षिण, दादरकरांनी जी/उत्तर, गिरगावकरांनी डी विभागाच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्यावा. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात एवढेच विचारावे: २०२० ते २०२२ या काळात आमच्या विभागात कोविडसाठी काय खरेदी झाले, कोणाकडून, कोणत्या दराने, आणि ५० व्या कलमाखालील दाखला कोणी दिला. उत्तर येवो वा न येवो, अर्जाची पोच जपून ठेवावी आणि तिची एक प्रत आपल्या नगरसेवकाच्या हाती द्यावी.