‘ओरिजनल’ नळीचा हट्ट

बिदरच्या उत्तरेला, महाराष्ट्राच्या हद्दीलगत औराद आहे. तालुका कर्नाटकातला, पण मराठी सहज कानी पडते. तिथे एका स्नेह्यांकडे गेलो होतो. जेवण झाल्यावर ते मला आवर्जून पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले. ताडपत्रीखाली वडिलांची फियाट अकराशे! १९६० च्या दशकातली, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आलेली. दसऱ्याला पूजा करून नातवंडांना बसवून ती अमरेश्वराच्या देवळापर्यंत नेतात.

“समदं ओरिजनल हाय बघा. एक नळीबी बदलली नाही!”

त्या शेवटच्या वाक्याने मला धडकीच भरली.

आम्हा गोंयकारांना गंज नवा नाही. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, पत्रा डोळ्यांदेखत खातात. औरादची हवा कोरडी, त्यामुळे तिथल्या गाड्या खालून ठणठणीत दिसतात. पण ब्रेकची नळी आतूनही सडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि वर्षानुवर्षे ते बदलले नाही, तर तेच पाणी पोलादाला आतून पोखरते. नळीची जाडी एक मिलिमीटरही नसते. शिवाय त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना तेलाचा एकच मार्ग. एक नळी फुटली की पेडल थेट जमिनीला आणि हाती उरतो फक्त हँडब्रेक.

पेट्रोलच्या नळीचेही तेच. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलही पाणी ओढते, जुने रबर फुगवते. वर्षातून दोनदा निघणाऱ्या गाडीत ते महिनोन्‌महिने तसेच पडून राहणार.

“पण मग ती ओरिजनल कुठं राहिली?” स्नेह्यांनी विचारले. त्यांना पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठीची ‘व्हीए’ नोंदणी करायची होती. अहो, २०२१ चा तो नियम सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार नको म्हणतो. ब्रेकची नळी जपून ठेवा, असे त्यात कुठे आहे? आपण दर पावसाळ्याआधी घर शाकारतो, फुटके नळे आणि कुजलेल्या रिपा बदलतो. म्हणून पणजोबांचे घर पणजोबांचे राहत नाही का?

मात्र बदलायचे तर नीट बदला. फ्रिजवाल्याकडची साधी तांब्याची नळी ब्रेकला लावू नये. हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची घ्यावी. ती गंजत नाही, हाताने वळतेही. टोकाला डबल फ्लेअर हवाच. आणि नवी नळी टाकून चाकांजवळचे जुने रबरी होज तसेच ठेवणे म्हणजे अर्धे काम. शेवटी एअर काढायची, कुणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगायचे आणि बॅटरी घेऊन प्रत्येक जोड तपासायचा.

जुन्या नळ्या कापून फेकू नका, हेही सांगितले. वळणांच्या मापासाठी मेस्त्रीला त्या सबंध लागतात. स्नेहीबुवा गप्पच होते. निघताना मात्र म्हणाले, “दसऱ्याच्या आधी करून घेतो.” नातवंडे तोवर मागच्या सीटवर चढून बसली होती.