आडात नाही ते राउटरमध्ये कुठून येणार?



भात विकून हातात चार पैसे आले की त्याचा वास दुकानदाराला बरोबर लागतो. पूर्वी तो औषधांच्या बाटल्या पुढे करी, आता राउटर दाखवतो. 'नेट रडतंय? मग हा चार अँटेनांचा न्या, १२०० मेगाबिटचा आहे.' कामणच्या पाड्यांवरचा माणूस मुलांच्या अभ्यासाकडे पाहून दोन-तीन हजार मोजतो, आणि नेट होते तिथेच राहते.

शेतकी कॉलेजात आम्ही एक शिकलो, माती तपासल्याशिवाय खताची गोणी फोडू नये. खोक्यावरचे १२०० मेगाबिट हे राउटर आणि मोबाइल यांच्यामधले. बाहेरून लाइनच ४ मेगाबिटची येत असेल तर सेकंदाला अर्धा मेगाबाइटच मिळणार. विहिरीला झरा नसताना पंपाची अश्वशक्ती वाढवून काय उपयोग?

म्हणून आधी मोजा. ट्रायचे 'मायस्पीड' अ‍ॅप फुकट आहे. घरातले बाकीचे मोबाइल बंद करून राउटरपासून दोन हातांवर मोजा, मग मागच्या खोलीत मोजा. पहाटे आणि रात्री नऊला. राउटरजवळच वेग नसेल तर बहुधा दोष लाइनचा, नवा डबा घेऊ नका. जवळ चांगला आणि मागच्या खोलीत मेला, तर आधी डब्याची जागा बदला. जाड भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झची लहर ५ पेक्षा बरी जाते; पत्र्यापुढे दोन्ही हात टेकतात. सिमकार्डावरचा राउटर असेल तर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत, उंचावर ठेवा. कामणदुर्गाचा डोंगर काही हलणार नाही, डबा हलतो.

एवढे करूनही घ्यायचाच असेल तर वेगाचा घेऊ नका, वाटणीचा घ्या. एका मोबाइलवरून लग्नाचे फोटो चढू लागले की मुलीचा ऑनलाइन वर्ग गोठतो, कारण सगळा माल एकाच रांगेत तुंबतो. सूर्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला पाळी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. राउटरमध्ये तिला क्यूओएस किंवा एसक्यूएम म्हणतात. मोजलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी आकडा तिथे भरायचा, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या घरात लागते आणि पाळी तुम्ही लावता. ही सोय आहे का, एवढेच दुकानात विचारा. फायबर असेल तर कंपनीच्या डब्यामागे आपला राउटर चालतो का, हे कंपनीला आधी विचारा. उरलेल्या पैशांत राउटरची छोटी १२ व्होल्टची बॅटरी घ्या. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते आम्ही सांगायला नको.

हा प्रश्न करमणुकीचा नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आहे, एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सरकार सगळे कागद नेटवर मागते. गावोगाव फायबर नेण्याची केंद्राची योजना मात्र २०११ सालची. २०२३ मध्ये केंद्रानेच ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिटवर नेली. तुमच्या घरी त्याहून कमी येत असेल आणि बिलावर ब्रॉडबँड लिहिले असेल, तर ते पैसे कशाचे?

आठवडाभराचे आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा, सोबत बिल जोडा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. पाड्यावार तक्रारी एकत्र द्यायच्या आहेत.